गच्चीवरची झुंबड आणि विलक्षण द्रव्य

सोलापुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातील एका इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, त्यांनी प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की क्षणभर प्रकाश देणाऱ्या प्लास्टिकच्या) तीन पाट्या त्रिकोणात मांडल्या आहेत. प्रत्येक पाटी अर्धा मीटर लांब व तितकीच रुंद आहे, आणि दोन पाट्यांमधले अंतर सुमारे ८ मीटर आहे. तिन्ही पाट्यांतून एकाच वेळी पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक संकेत, आली की ती विश्वकिरणांच्या वर्षावाची (अवकाशातून आलेल्या कणाने हवेत उडवलेल्या कणांच्या सरीची) नोंद धरली जाते, आणि अशा नोंदी तासाला वीसेक होतात. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत मात्र तीन वेळा असे झाले की २ मिलिसेकंदांच्या आत चार-पाच नोंदी एकदम पडल्या. तिन्ही वेळा संध्याकाळ होती. अमेरिकेतील युटा राज्यातल्या प्रयोगात अशाच झुंबडी दिसल्या आणि त्यांचे मूळ प्रतिद्रव्याच्या क्वार्क-गोळ्यांत (क्वार्क म्हणजे ज्यांचे प्रोटॉन-न्यूट्रॉन बनतात ते कण) असू शकते, असे त्यांच्या वाचनात आले. तेव्हा आपल्या नोंदीही विलक्षण, म्हणजे नेहमीच्या अणूंचे नसलेल्या, द्रव्यामुळे असतील का, आणि प्रकल्पाच्या अहवालात तसे लिहिता येईल का, असे ते विचारतात.

उत्तर देण्याआधी मला हा प्रश्न थोडा फिरवून घ्यावा लागेल. विलक्षण द्रव्यामुळे असा वर्षाव होऊ शकतो का, एवढेच विचारायचे असेल तर ते फार सोपे आहे. ज्या कणाचे वस्तुमान, विद्युतभार आणि आयुष्य आपणच ठरवणार, त्याच्याकडून कागदावर हवे ते करवून घेता येते. तुमच्या नोंदींमध्ये असे काय आहे, जे ओळखीच्या कारणांनी होऊच शकत नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विलक्षण द्रव्याच्या सिद्धांतापेक्षा तुमच्या पाट्या, तुमच्या केबली, तुमचे घड्याळ आणि त्या संध्याकाळचे आभाळ यांवर अधिक अवलंबून आहे. यांतल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत. म्हणून पुढचे काही भाग "असे असेल तर" या अटीवरच वाचावेत.

सुरुवात कंटाळवाण्या हिशोबापासून करतो, कारण तीस वर्षे सिंटिलेटर हाताळल्यावर माझी ती सवयच झाली आहे. समुद्रसपाटीच्या आसपास, आणि साडेचारशे-पावणेपाचशे मीटर उंचीवरच्या सोलापुरातही फारसा फरक न पडता, आडव्या पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन (वर्षावातून जमिनीपर्यंत पोचणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) जातो. तुमच्या पाटीचे क्षेत्रफळ अडीच हजार चौरस सेंटीमीटर आहे, म्हणजे सेकंदाला चाळीसच्या वर म्युऑन झाले. त्यात थोडा नॉइज, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या खोट्या पल्स, धरून एका पाटीचा दर सेकंदाला ६० मानू. तीन पाट्यांत एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या पल्स निव्वळ योगायोगाने एकत्र पडण्याचा दर म्हणजे या दराचा घन, गुणिले कोइन्सिडन्सच्या विंडोचा (जेवढ्या वेळात आलेल्या पल्स 'एकाच वेळी' आल्या असे धरतो, त्या कालावधीचा) वर्ग, गुणिले तीन. विंडो १०० नॅनोसेकंदांची असेल, तर असा योगायोग सुमारे पाच वर्षांतून एकदा होईल. तीच विंडो १ मायक्रोसेकंदाची ठेवली असेल, तर तो दर अठरा दिवसांनी होईल. तुम्ही विंडो कळवलेली नाही, आणि तिच्या एका शून्याने हिशोब शंभर पटींनी फिरतो.

आता यात सोलापूरचा उन्हाळा मिळवा. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात दुपारी काय तापमान असते, हे तुम्हांला मी सांगायला नको. पाटीतला प्रकाश टिपायला फोटोमल्टिप्लायर नळी असो की सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक, दोन्हींत अंधारातही आपोआप उठणाऱ्या पल्स तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात. सिलिकॉनच्या संवेदकात तर दर आठ-दहा अंशांना त्या दुप्पट होतात, असा ढोबळ नियम आहे. थ्रेशोल्ड, म्हणजे पल्स मोजायची किमान उंची, खाली ठेवलेला असला आणि नॉइजमुळे एका पाटीचा दर तिप्पट झाला, तर योगायोगाचा दर सत्तावीस पट होतो, आणि १ मायक्रोसेकंदाच्या विंडोत मघाचे अठरा दिवस सोळा तासांवर येतात. त्यामुळे एकेकट्या विचित्र नोंदीला मी तरी उन्हाळ्यात फारसा मान देत नाही.

तुमच्या झुंबडी मात्र अशा योगायोगाच्या नाहीत, हे तुमच्या बाजूने आधीच सांगून टाकतो. तासाला वीस नोंदी होत असतील, तर एका नोंदीनंतर २ मिलिसेकंदांत आणखी तीन नोंदी स्वतंत्रपणे पडण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की विश्वाच्या वयातही ती घटना तुमच्या गच्चीवर घडू नये. म्हणजे त्या चार-पाच नोंदींना एकच कारण होते. येथवर तुमचा तर्क बरोबर आहे. पण "एकच कारण" या शब्दांवरून थेट आकाशगंगेतल्या क्वार्क-गोळ्यांपर्यंत जाण्याच्या वाटेवर दोन मोठे थांबे आहेत. एक तुमच्या केबलींचा आणि दुसरा ढगांचा.

केबलींचा थांबा मला चांगला माहीत आहे, कारण मी त्यावर दोन महिने अडकून पडलो होतो. आम्ही पूर्व भागातल्या एका गच्चीवर चार पाट्या लावल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी सातच्या आसपास नोंदींची झुंबड उडे. रविवारी काहीच नसे. विश्वकिरणांना रविवारची सुट्टी नसते, एवढे लक्षात यायला मला आठ आठवडे लागले, याची आजही लाज वाटते. शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यात त्या वेळी पाळी बदलत असे. बंद माग एकामागून एक पुन्हा सुरू होत, आणि मागांच्या मोटारींच्या स्टार्टरमधून उडणाऱ्या ठिणग्यांचा अडथळा आमच्या लांब केबली अँटेनासारखा ओढून घेत. अर्थिंग धड नव्हते. चारही चॅनेलांत एकाच क्षणी पल्स दिसे, आणि आमचे सर्किट तिला निष्ठेने वर्षाव म्हणून नोंदवे.

अशा वेळी दोन गोष्टी पाहायच्या असतात. वर्षावातले कण साधारण प्रकाशाच्या वेगाने, एका पातळ थाळीसारख्या आघाडीने येतात. ही थाळी तिरकी आली, तर ८ मीटरवरच्या पाट्यांमध्ये २७ नॅनोसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो, आणि निरनिराळ्या वर्षावांत हा फरक निरनिराळा असतो. विजेचा अथवा मोटारीचा अडथळा केबलींत शिरला असेल, तर झुंबडीतल्या प्रत्येक नोंदीत तिन्ही चॅनेलांमधला फरक तोच तो, बहुधा शून्याजवळचा येतो, आणि पल्स खाली जाऊन पुन्हा वर उसळते. खऱ्या सिंटिलेटरची पल्स एकाच बाजूला जाते आणि शांतपणे ओसरते. तुमच्याकडे पल्सचा पूर्ण आकार साठवलेला असेल, तर या प्रश्नाचा निकाल एका दुपारी लागेल. फक्त "झाली-नाही झाली" एवढीच नोंद असेल, तर त्या तीन झुंबडींबद्दल आता कुणालाच काही सांगता येणार नाही, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आंधळी पाटी. चौथी फोटोमल्टिप्लायर नळी घ्यावी, तिला सिंटिलेटर न जोडता काळ्या टेपने पूर्ण बंद करावी, बाकी केबल, पुरवठा आणि सर्किट हुबेहूब इतर तिघांसारखेच ठेवावे. तिला कणांचा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, पण विजेचा अडथळा दिसतो. ज्या झुंबडीत आंधळी पाटी बोलते, ती झुंबड आकाशातली नाही असे समजून बाजूला ठेवावी. जुन्या मोडक्या नळीवरही हे काम भागते. माझ्या मते कोणत्याही गच्चीवरच्या प्रयोगात सर्वांत उपयोगी पाटी हीच असते, आणि ती कुणीच लावत नाही.

समजा केबलींचा संशय फिटला. मग दुसरा थांबा येतो तो वळवाच्या ढगांचा. एप्रिल-मेमध्ये, संध्याकाळच्या वेळी, सोलापुरात काय चढून येते? त्या तिन्ही दिवशी आभाळ कसे होते, याचा तुमच्या पत्रात एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि युटाची सगळी गोष्ट तर तेथूनच सुरू होते. तिथल्या 'टेलिस्कोप ॲरे' या प्रयोगात सुमारे ७०० चौरस किलोमीटरच्या वाळवंटात ५०७ सिंटिलेटर शोधक १.२ किलोमीटर अंतरावर जाळीसारखे मांडलेले आहेत. २००८ ते २०१३ या पाच वर्षांच्या नोंदींत त्यांना दहा झुंबडी सापडल्या, ज्यांत एका मिलिसेकंदाच्या आत तीन किंवा अधिक वर्षाव पडले होते. एरवी त्यांच्याकडे शंभर सेकंदांत सरासरी एखादाच वर्षाव पडतो. या झुंबडींतल्या काहींचा विजा पडण्याच्या वेळांशी मेळ बसला. पुढे त्यांनी विजेचा मार्ग रेडिओलहरींवरून टिपणारी यंत्रणा शेजारी बसवली, आणि २०१८ व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून असे पुढे आले की ढगातून जमिनीकडे उतरू लागलेल्या विजेच्या पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांतच गॅमा किरणांचे हे झोत खाली सुटतात.

यात भौतिकशास्त्राचे नियम मोडणारे काही नाही. ढगातील तीव्र विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना प्रवेग देऊ शकेल, हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२५ मध्येच सुचवले होते. हवेच्या रेणूंशी टकरा होऊन इलेक्ट्रॉन जितकी ऊर्जा गमावतो, त्याहून अधिक ऊर्जा त्याला क्षेत्रातून मिळू लागली की तो पळत सुटतो, वाटेत आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतो, आणि त्यांच्यापासून गॅमा किरण निघतात. ढगांमधून वर, अवकाशाकडे सुटणारे असे झोत १९९४ साली कॉम्प्टन उपग्रहाच्या नोंदींतून उघड झाले; युटातले झोत खाली येणारे आहेत. आपल्याकडे उटीच्या 'ग्रेप्स-३' प्रयोगाने तर ढगाचे व्होल्टेजच मोजले. १ डिसेंबर २०१४ रोजी एका वादळी ढगाखाली म्युऑनांची संख्या बदललेली त्यांना दिसली, आणि तिच्यावरून ढगातील विभवांतर १३० कोटी व्होल्टपर्यंत गेले असावे, असा हिशोब त्यांनी २०१९ मध्ये मांडला. जे ढग म्युऑनांची संख्या हलवू शकतात, ते तुमच्या तीन पाट्या हलवू शकणार नाहीत, असे धरून चालता येत नाही. वीज केबलींतही शिरते आणि कणांचाही वर्षाव करते, ही यातली खरी पंचाईत आहे. म्हणूनच आंधळी पाटी आधी लागते.

येथे एक बारकावा सांगतो. युटातल्या झुंबडींचा उगम जवळ, म्हणजे जमिनीपासून काही किलोमीटरवर आहे, हे तिथल्या शास्त्रज्ञांना आघाडीच्या वक्रतेवरून ओळखता आले, कारण त्यांचे शोधक किलोमीटरभर दूर आहेत. तुमच्या तीन पाट्यांतून वक्रता कळणारच नाही. तीन बिंदूंतून सपाट पातळी नेहमीच जाते. वाकडेपणा दिसायला निदान चौथा बिंदू हवा. आणि चौथी पाटी आणली तरी, ३ किलोमीटरवरून येणारी गोल आघाडी ८ मीटरच्या अंतरात जेमतेम एक सेंटीमीटर वाकते, म्हणजे एका नॅनोसेकंदाच्या तिसाव्या भागाएवढा फरक पडतो. तो तुमच्या उपकरणांच्या आवाक्यात नाही. आपला प्रयोग कोणता प्रश्न सोडवू शकत नाही, हे अहवालात लिहिणे मी चांगल्या विद्यार्थ्याचे लक्षण समजतो.

आता तुमच्या मूळ आवडीच्या विषयाकडे येतो. प्रतिद्रव्याच्या क्वार्क-गोळ्यांची कल्पना ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील एरियल झिटनिट्स्की यांची आहे, आणि ती चेष्टेवारी नेण्यासारखी मुळीच नाही. विश्वातले अदृश्य द्रव्य (डार्क मॅटर) म्हणजे नवे सुटे कण नसून क्वार्कांचे अथवा प्रतिक्वार्कांचे अतिघन गोळे असावेत, त्यांचा आकार सेंटीमीटरच्या लाखाव्या भागाएवढा आणि वजन काही ग्रॅम असावे, असे तिच्यात मानले आहे. प्रतिक्वार्कांचा गोळा हवेतून जाताना हवेच्या अणूंशी त्याचा उच्छेद होत राहील, म्हणजे दोघे नष्ट होऊन ऊर्जा सुटत राहील, आणि तो वादळी ढगातून गेला, तर तिथले क्षेत्र त्याच्या भोवतीच्या पॉझिट्रॉनांना (इलेक्ट्रॉनच्या धनभारित प्रतिकणांना) प्रवेग देऊन झुंबड उडवील, असा युटाबाबतचा त्यांचा मुद्दा आहे. लक्षात घ्या की या कल्पनेलाही वादळ लागतेच. म्हणून "त्या वेळी वादळ होते" एवढ्याने ती खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही. ही तिची सोय आहे आणि तीच अडचणही.

मग निकाल कशावर लावायचा? मी अशा वेळी आधी किती माल उपलब्ध आहे ते मोजतो. सूर्याच्या परिसरात अदृश्य द्रव्याची घनता दर घन सेंटीमीटरला प्रोटॉनच्या एक-तृतीयांश वस्तुमानाएवढी धरतात आणि वेग सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. गुणाकार केला की एका चौरस किलोमीटरवर वर्षाकाठी सगळे मिळून एक ते चार ग्रॅम अदृश्य द्रव्य उतरते; तेवढाच एकूण साठा. एक गोळा १० ग्रॅमचा मानला, तर एका चौरस किलोमीटरवर तो अडीच ते दहा वर्षांतून एकदा येईल. त्याचा परिणाम किलोमीटरभर पसरतो असे उदारपणे धरले, तर तुमच्या गच्चीच्या टापूत तीनेक चौरस किलोमीटर येतात, म्हणजे एक ते तीन वर्षांतून एक गोळा. आणि त्याने नेमके डोक्यावर वादळ असतानाच यायला हवे. वर्षातले वादळाचे तास मोजले, तर हा आकडा आणखी शेकडो वर्षांनी लांबतो. तुम्हांला एका महिन्यात तीन झुंबडी मिळाल्या आहेत. गोळे हलके मानले तर संख्या वाढेल, पण मग प्रत्येकाची करामतही कमी होईल. माझ्या दृष्टीने हा हिशोब निर्णायक नसला, तरी पारडे कुठे झुकते आहे ते स्पष्ट दाखवतो.

विलक्षण द्रव्याचा दुसरा उमेदवार स्ट्रेंज क्वार्कांचे (क्वार्कांच्या एका जड जातीचे) द्रव्य हा आहे, आणि त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आमच्या पिढीने ती श्वास रोखून वाचली होती. बोलिव्हियातील चाकाल्ताया पर्वतावर, ५२०० मीटर उंचीवर, ब्राझील आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी फोटोग्राफिक फिल्म व शिसे यांचे थर रचून दुमजली पेट्या ठेवल्या होत्या. १९७२ साली त्यांना एक अजब घटना सापडली. साध्या टकरीत निघणाऱ्या पायॉन नावाच्या अल्पायुषी कणांपैकी साधारण एक-तृतीयांश विद्युतभाररहित असतात आणि ते लगेच फोटॉनांत, म्हणजे प्रकाशकणांत, मोडतात, त्यामुळे फोटॉनांचा वाटा चांगला मोठा असायला हवा. या घटनेत शंभराच्या घरात जड कण होते आणि फोटॉन जवळजवळ नव्हतेच. वरच्या पेटीत थोडे डाग आणि खालच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त, असे वरचे धड एका जातीचे आणि खालचे दुसऱ्याच जातीचे दिसत होते, म्हणून तिला ग्रीक पुराणातल्या वर माणूस व खाली घोडा असलेल्या प्राण्यावरून 'सेंटॉरो' हे नाव पडले. आपल्याकडे नरसिंह आहेच, पण त्याची मांडणी उलटी.

या घटनेच्या स्पष्टीकरणासाठी १९७९ मध्ये ब्यॉर्केन आणि मॅक्लेरन यांनी क्वार्क-द्रव्याच्या गोळ्याची कल्पना मांडली. १९८४ मध्ये विटेन यांनी अप, डाउन आणि स्ट्रेंज क्वार्क जवळजवळ सारख्या संख्येने असलेले द्रव्य साध्या अणुकेंद्रापेक्षाही स्थिर असू शकेल असे दाखवल्यावर तिला जोर आला. अशा तुकड्याला वस्तुमानाच्या मानाने विद्युतभार फार कमी असेल, तो हवेत खोलवर शिरेल आणि खाली येऊन फुटेल, अशी ती मांडणी होती. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या त्वरकावर (कण वेगाने आदळवणाऱ्या यंत्रावर) १९८० च्या दशकात तसल्या टकरी मुद्दाम शोधल्या, मिळाल्या नाहीत. आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या जुन्या फिल्म पुन्हा तपासल्यावर असे आढळले की वरच्या आणि खालच्या पेटीतले डाग एकाच वर्षावाचे नसावेत, त्यांच्या दिशाच जुळत नाहीत. खालचा वर्षाव बहुधा वरच्या ठोकळ्यांमधल्या फटीतून थेट खाली गेला होता. तीस वर्षे ज्यावर सिद्धांत उभे राहिले, ती एका फटीची किमया होती. ते शास्त्रज्ञ मुळीच निष्काळजी नव्हते, आणि म्हणूनच ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगतो.

सिग्नस एक्स-३ या ताऱ्यांच्या जोडीची कथा याच जातीची आहे, ती आवरती घेतो. १९८३ मध्ये जर्मनीतील कील येथे त्या दिशेने, ४.८ तासांच्या ठरावीक तालात, वर्षाव येत असल्याचा दावा झाला. त्या वर्षावांत म्युऑन इतके होते की ते गॅमा किरणांचे असणे अवघड होते. १९८५ मध्ये जमिनीखालच्या दोन प्रयोगांनीही म्युऑन दिसल्याचे सांगितले, आणि स्ट्रेंज द्रव्याचा नवा भाररहित कण कल्पनेत जन्माला आला. १९९० च्या दशकात कितीतरी मोठ्या शोधकजाळ्याने तपासल्यावर तो ताल सापडला नाही. कमी नोंदी आणि त्यांच्या वेळा अनेक तऱ्हांनी घड्या घालून एकावर एक ठेवून पाहण्याची मुभा एकत्र आली की ताल सापडतोच.

हे सगळे वाचून मी विलक्षण कल्पनांना नाके मुरडतो असे समजू नका. पॉझिट्रॉन १९३२ मध्ये, म्युऑन १९३६ मध्ये आणि पायॉन १९४७ मध्ये विश्वकिरणांतच सापडले, आणि त्या वेळी ते सगळेच विलक्षण होते. फरक असा की तिथे प्रत्येक वेळी एकाच प्रकारची खूण वेगळ्या माणसांना, वेगळ्या उपकरणांत, पुन्हा पुन्हा मिळाली. आजही एक खरी गाठ सुटायची आहे. अर्जेंटिनातील पिएर ओझे वेधशाळेला सर्वाधिक ऊर्जेच्या वर्षावांत म्युऑन संगणकीय प्रतिकृतींच्या अपेक्षेपेक्षा सुमारे तीस ते साठ टक्के जास्त दिसतात. त्याचे कारण नवे द्रव्य असेल, की जड कणांच्या टकरींबद्दलचे आपले ज्ञान अपुरे असेल? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. सर्नच्या ॲलिस शोधकात शंभरहून अधिक म्युऑनांचे जुडगे दिसले, तेव्हाही कुजबुज झाली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात लोहासारख्या जड अणुकेंद्रांचे वर्षाव आणि सुधारलेल्या प्रतिकृती धरल्यावर ती संख्या जुळून आली. पण म्युऑनांचा घोटाळा अजून मिटलेला नाही, हेही तितकेच खरे.

आतापर्यंतचे सांगणे एका दमात पुन्हा म्हणतो : तुमच्या झुंबडी योगायोगाच्या नाहीत, त्या केबलींतून आल्या की हवेतून, हे तुमच्या सध्याच्या माहितीवरून ठरत नाही, हवेतून आल्या असतील तर वळवाच्या विजेचा संशय सर्वांत आधी घ्यावा लागेल, आणि विलक्षण द्रव्य या तिन्हींनंतर रांगेत उभे राहते. तुमचे तीन प्रसंग तीन वेगवेगळ्या कारणांचेही असू शकतील.

प्रकल्पासाठी मी काय केले असते, ते सांगतो. त्या तीन दिवसांच्या वेळा घेऊन आधी हवामान खात्याच्या नोंदी आणि शेजारपाजाऱ्यांची आठवण, दोन्ही तपासले असते. पुढच्या हंगामासाठी एक जुना मध्यम लहरींचा रेडिओ, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावून, त्याचा आवाज लॅपटॉपवर सतत रेकॉर्ड करत ठेवला असता. वीज चमकली की त्यात कडकड येते, आणि विजेची वेळ टिपायला याहून स्वस्त साधन नाही. गडगडाट किती सेकंदांनी ऐकू आला ते कुणीतरी वहीत लिहावे, कारण दर तीन सेकंदांना वीज एक किलोमीटर दूर असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या 'दामिनी' ॲपवरही विजांची ठिकाणे जवळजवळ त्याच वेळी दिसतात. त्याच संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत ढगांचे प्रयोग करायला सोलापूरच निवडले होते, तेव्हा आपल्या आभाळाकडे शास्त्रीय नजरेने पाहणे काही नवे नाही. लॅपटॉपच्या घड्याळावर विसंबू नका, ते दिवसाला सेकंदभर सहज सरकते. वेळेसाठी जीपीएसची अचूक पल्स घ्या. तापमापक पाटीच्या पेटीत ठेवा, शेडबाहेर नको. आणि वादळ डोक्यावर असताना कुणीही गच्चीवर जायचे नाही. वही खालच्या मजल्यावर ठेवावी.

अहवालात "विलक्षण द्रव्य" हे शब्द लिहिता येतील का? एका परिच्छेदात, शक्यता म्हणून आणि अदृश्य द्रव्याच्या साठ्याचा मघाचा हिशोब सोबत देऊन, जरूर लिहावेत, परीक्षकाला आवडेल. निष्कर्षात लिहू नयेत. निष्कर्षात मी एवढेच लिहिले असते की एका महिन्यात अमुक इतक्या तासांच्या निरीक्षणात तीन झुंबडी मिळाल्या, त्यांची अमुक कारणे वगळता आली आणि अमुक वगळता आली नाहीत. निरीक्षणाचे एकूण तास मात्र नक्की द्यावेत, कारण ते नसतील तर तीन या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही. आणि लोडशेडिंगमुळे यंत्रणा बंद राहिलेले तास त्यातून वजा करायला विसरू नका.